पार्टीला बारटेंडर बोलावताना: आठ महिने, चार कार्यक्रम आणि बर्फाचं बिल

परवा चौथ्या कार्यक्रमाचं बिल आलं आणि त्यात पुन्हा ‘जादा बर्फ’ ही ओळ दिसली. फोनवर अर्धा तास वाद झाला. ठेवताना बारटेंडर पुरवणारे एजन्सीवाले म्हणाले, ‘मॅडम, एवढ्याशा रकमेसाठी कशाला?’ रक्कम एवढीशी आहे तर सोडा ना तुम्हीच! त्याच तिरमिरीत लिहायला बसले आहे, पण जे चांगलं आहे तेही लिहिणार आहे.

मी गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत ॲडमिन बघते, त्यामुळे स्टाफची पार्टी, डीलर मीट हे सगळं माझ्याकडे येतं. नोव्हेंबर ते जून या काळात एकाच एजन्सीचे बारटेंडर चार वेळा बोलावले, दोनदा कंपनीसाठी आणि दोनदा घरच्या कार्यक्रमांना. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण हिशेब अजून मिटलेला नाही. पद्धत सगळ्यांना माहीत आहेच. दारू आपली, अबकारी खात्याचा त्या दिवसापुरता परवाना आपण काढायचा. काउंटर, शेकर, ग्लास, बर्फ आणि माणसं त्यांची.

नोव्हेंबरला 120 लोकांसाठी तीन बारटेंडर, एक हेल्पर आणि काउंटर मिळून 18,000 रुपये सांगितले. माझा पहिला विचार हाच, की नुसतं ओतायला एवढे पैसे? आदल्या वर्षी आमचीच मुलं काउंटरमागे उभी होती आणि व्हिस्कीच्या 22 बाटल्या संपल्या होत्या. या वेळी 14 संपल्या. लोक तितकेच होते, तक्रार कुणाची नाही. फरक पेग मेजरचा, म्हणजे पेग मोजायच्या मापाचा. 750 मिलीच्या बाटलीत 60 मिलीचे बारा पेग बसतात आणि थोडी उरते. मित्राच्या हाताने ओतलं की आठ-नऊवरच बाटली रिकामी. निम्मे पैसे तर तिथेच वसूल झाले.

त्याच संध्याकाळी आमचा एक अप्रेंटिस काउंटरवर गेला. बारटेंडरने हसत वय विचारलं. पोरगा वीस वर्षांचा. गोव्यात 21 पूर्ण असल्याशिवाय दारू देता येत नाही. त्याने त्याला लिंबू-सोड्याचा ग्लास पुदिना घालून असा सजवून दिला, की पोराला चारचौघांत ओशाळं वाटलं नाही. मॅनेजरसाहेब शेजारीच उभे होते. आमच्यापैकी कुणी असतं तर ‘असू दे रे’ म्हणत ओतलं असतं आणि उद्या काही झालं असतं तर उत्तर मला द्यावं लागलं असतं. त्या रात्री मी सगळ्यांना यांचा नंबर दिला.

जानेवारीत दिराच्या लग्नाच्या आदल्या रात्री म्हापशाला हॉलवर पार्टी होती. तिथपासून बर्फाचं प्रकरण सुरू झालं. हेल्परने घाईत स्कूप न घेता ग्लासच बर्फाच्या पेटीत खुपसला. टक असा बारीक आवाज झाला. ग्लासच्या काठाचा नखाएवढा कपचा उडाला आणि बर्फात दिसेनासा झाला. काच आणि बर्फ एकाच रंगाचे, शोधणार कसं? हेल्पर वरवरचे तुकडे बाजूला करू लागला, तेवढ्यात पेडण्याचा एक मुलगा, त्यांच्यातला मुख्य बारटेंडर, पुढे आला आणि त्याने पेटीवर हात आडवा धरला. मला म्हणाला, ‘ताई, हा बर्फ आता गेला. यातला एक तुकडाही कुणाला द्यायचा नाही.’ स्वयंपाकघरातून गरम पाण्याची दोन पातेली आणवली, अख्खी पेटी वितळवली, मागे नेऊन ओतली, तळ कपड्याने तीनदा पुसला, तो कपडाही टाकून दिला. पंचवीस मिनिटं बिनबर्फाचा कारभार. आमचे चुलत सासरे चिडले, दोन-तीन पाहुण्यांनी मला ऐकवलं. तो मुलगा शांतपणे प्रत्येकाला खरं कारण सांगत होता. समोर ओळ लागलेली असताना असं वागायला हिंमत लागते. मला त्याचा फार अभिमान वाटला.

आणि बिलात काय? ‘जादा बर्फ 40 किलो, 1,200 रुपये.’ ग्लास त्यांचा, हेल्पर त्यांचा, चूक त्यांची, भुर्दंड आम्हाला! लग्नघरात वाद नको म्हणून सासऱ्यांनी भरून टाकले. मी ते अजून विसरलेले नाही. त्या मुलाने योग्य तेच केलं, पण त्याची किंमत मालकाने गिऱ्हाइकाकडून घेतली, तर पुढच्या वेळी एखादा नवखा मुलगा वरवर बघून तोच बर्फ वाढेल. मला खरी भीती त्याची आहे.

खरं तर तिथेच थांबणार होते. पण एप्रिलमध्ये बाबांची पंचाहत्तरी होती. फोंड्याच्या घरी सकाळी सत्यनारायण, संध्याकाळी अंगणात त्यांची मित्रमंडळी. मी अट घातली, पेडण्याचाच मुलगा हवा. तो एकटाच आला आणि माझं मत पुन्हा बदललं.

हुर्राकाचे दिवस होते. बाबांच्या मित्राने सत्तरी तालुक्यातून कॅनमधून आणली होती. पाहुण्यांत पुण्याची चार मंडळी होती, त्यांना हुर्राक आणि फेणी एकच वाटत होती. त्याने समजावलं, की काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणी कडक, वर्षभर टिकणारी. हुर्राक सौम्य, उन्हाळ्यापुरती. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं हे त्याच्या तोंडून ऐकून बाबाही थक्क झाले. करायची पद्धत तर बघत राहावी अशी. हिरवी मिरची उभी चिरून आतल्या बिया सुरीच्या पाठीने काढायच्या, लिंबाची फोड पिळून ग्लासात सोडायची, मिठाची चिमूट, मग बर्फ, मग मोजून 60 हुर्राक आणि वरून लिम्का बाजूने हळू सोडायची म्हणजे फेस उतू जात नाही. सरबतासारखी लागते म्हणून लोक भराभर पितात. तो प्रत्येक दुसऱ्या ग्लासाबरोबर न मागता पाणी देत होता. आई घेत नाही, तिला कोकमाचं आगळ, जिरेपूड आणि सोडा घालून उंच ग्लासात दिलं. पंचाहत्तरीला आपल्यासाठीही कुणी काहीतरी बनवलं याचं तिला किती अप्रूप वाटलं! आई अजून सांगते. त्या दिवशीचे 3,500 रुपये मी आनंदाने दिले.

मग जून. पणजीला डीलर मीट, 60 लोक, बाहेर धो धो पाऊस. पेडण्याचा मुलगा ‘दुसरीकडे लागलाय’, दोन नवीन आले. बियरच्या बाटल्या ज्या टबात गार करायला घातल्या होत्या, त्यातलाच बर्फ ते ग्लासात टाकत होते. गोदामात, टेम्पोत, दहा जणांच्या हातात फिरलेल्या बाटल्या. लेबलं भिजून सुटली होती. माझ्या स्वतःच्या ग्लासात हिरव्या कागदाचा तुकडा तरंगताना मी पाहिला. ताबडतोब थांबवलं आणि प्यायचा बर्फ वेगळा मागवायला लावला. तोच परवाच्या बिलातला ‘जादा बर्फ’. शिवाय पाच तासांचं पॅकेज त्यांनी सामान उतरवल्यापासून, दुपारी चारपासून मोजलं आणि दोन तासांचा ओव्हरटाइम लावला. पहिला ग्लास सहाला गेला होता. ओव्हरटाइम भांडून काढून घेतला. बर्फाचे पैसे मात्र सोडायला तयार नाहीत.

कुणी विचारेल, बर्फावर एवढं का? कारण दारूची बाटली सीलबंद येते, सोडा सीलबंद येतो. काउंटरवर उघडी फिरणारी आणि प्रत्येकाच्या पोटात जाणारी गोष्ट बर्फच. त्यात मासळीसाठी लाद्या करणारे कारखाने आपल्याकडे बरेच. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून तो निळसर करायचा नियम आहे, तरी कुठून आणला हे मी आता विचारतेच.

दिवाळीनंतर पुन्हा स्टाफ पार्टी आहे. एजन्सीला मेल पाठवली आहे: बर्फ आम्ही आणू, पाकीटबंद, माणशी एक किलो, बाटल्यांचा टब वेगळा, पाच तास पहिल्या ग्लासापासून, माणूस पेडण्याचाच. दोन स्टीलचे स्कूप मी पणजीच्या बाजारातून घेऊन ठेवले आहेत. जानेवारीचे 1,200 पुढच्या बिलातून वजा करा, असंही लिहिलं आहे. लेखी उत्तर आल्याशिवाय ॲडव्हान्स पाठवणार नाही.