स्पाउस व्हिसाची सल्लागार सेवा : फाइल चोख, तारखांचा हिशेब कच्चा

ऑस्ट्रेलियात पत्नीकडे कायमचे राहायला जाण्यासाठी मी एका व्हिसा सल्लागार संस्थेची सेवा सव्वा वर्षाहून अधिक काळ घेतली. तक्रारीचा भाग असल्यामुळे संस्थेचे नाव येथे देत नाही.

पहिल्या भेटीत सल्लागार बाईंनी अर्ज उघडलाच नाही. देशागणिक नियम किती बदलतात, हे आधी सांगितले. ब्रिटनमध्ये प्रायोजक, म्हणजे तिथे बोलावून घेणाऱ्या, जोडीदाराच्या किमान वार्षिक उत्पन्नाची अट ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेली आहे. जर्मनीला जाणाऱ्यास सर्वसाधारणपणे ए१ म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची जर्मन भाषा यावी लागते, मात्र जोडीदाराकडे ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा युरोपीय संघाचा परवाना) असेल तर ही अट नसते. कॅनडात प्रायोजकाला तीन वर्षे जोडीदाराच्या खर्चाची हमी द्यावी लागते आणि मधल्या काळात घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही, हे ऐकून मी पत्नीला लगेच फोन केला. आमचा त्या देशाशी काही संबंध नव्हता, तरीही.

सेवेची खरी किंमत कळते ती पुराव्यांची फाइल लावताना. ऑस्ट्रेलियाचे अधिकारी नाते चार अंगांनी तपासतात : आर्थिक व्यवहार, घर, समाजातील ओळख आणि परस्परांशी बांधिलकी. मी लग्नाचे आणि सहलींचे तीनशेच्या आसपास फोटो घेऊन गेलो होतो. बाईंनी त्यांतले वीस-पंचवीस ठेवले आणि बाकीचे परत करत म्हणाल्या, “हे सगळ्यांकडेच असतात, तुमच्या संसाराचं काहीतरी दाखवा.” वर्षातला बराच काळ दोघे दोन देशांत असलेल्यांनी संसार दाखवायचा कसा, हा प्रश्न होताच. बऱ्याच खोदून विचारण्यानंतर एक पावती निघाली : पत्नीच्या घरी पोहोचवलेल्या वॉशिंग मशीनची, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, पत्ता तिचा. मला ती फाइलमध्ये लावण्याच्या लायकीचीही वाटली नव्हती. बाईंनी ती ‘घर’ या भागात सर्वांत वर ठेवली. आमच्या ओळखीच्या दोघांकडून फॉर्म ८८८, म्हणजे आमच्या नात्याबद्दल साक्षीदाराने लिहून द्यायचे निवेदन, भरून घेतानाही त्यांनी ‘हे दोघे सुखी आहेत’ अशी वाक्ये खोडायला लावली आणि कधी, कुठे, काय पाहिले तेवढेच लिहवून घेतले. या कामाला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

तारखांच्या बाबतीत मात्र संस्थेने निराशा केली. पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र निघाल्यापासून बारा महिनेच ग्राह्य धरले जाते, आणि मागील दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने वा अधिक वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचे ते द्यावे लागू शकते. मी पूर्वी नोकरीनिमित्त दीड वर्ष तिसऱ्याच एका देशात होतो. पहिल्याच आठवड्यात दोन्ही प्रमाणपत्रे काढा, असे सांगण्यात आले. त्यानंतर फाइल पुरी व्हायला पाच महिने गेले आणि निर्णय लागण्याआधीच मुदत संपली. बोटांचे ठसे पुन्हा द्या, ते पुन्हा पाठवा, पुन्हा वाट पाहा, असा तो सगळा फेरा. वैद्यकीय तपासणीचेही तेच झाले असते, पण ती मी स्वतःच नियम वाचून पुढे ढकलली होती. विचारणा केल्यावर ‘असं होतं कधीकधी’ एवढेच उत्तर मिळाले, आणि तेही चार दिवसांनी.

कार्यालयीन वागणूक नीट होती, फोन उचलले जात. शुल्क हप्त्यांत घेतले गेले आणि ठरल्यापेक्षा जास्त मागितले नाही.

आपला अर्ज सरळ असेल, म्हणजे दोघे एकाच घरात राहत असतील आणि दोघांची कागदपत्रे हाताशी असतील, तर या सेवेची गरज नाही. अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो. आमच्यासारखे दूर राहिलेले असाल, तर केवळ फाइल लावण्यापुरती ही सेवा अवश्य घ्यावी, आणि प्रत्येक प्रमाणपत्राची मुदत संपण्याची तारीख पहिल्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी.