रेकॉर्डिंग अर्धवट, नेट गायब: मिरजकर तिकटीजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यांचा अनुभव

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत गाणं शिकवते. डीडी भारती आणि सह्याद्रीवर जुन्या मैफली लागतात, बऱ्याचदा अशा वेळी की घरात कुणी जागं नसतं, आणि चुकल्या की पुन्हा कधी लागतील याचा भरवसा नाही. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी ज्या गावात गायले, त्या गावातल्या पोरींच्या कानावर ही गायकी पडलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून टीव्हीवरचं रेकॉर्डिंग ही आमच्याकडं हौस नाही, शिकवण्याचा भाग आहे.

आमच्या स्मार्ट टीव्हीत डिशचा ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग, आतच आहे. डीडी फ्री डिशची केबल थेट टीव्हीला आणि यूएसबीला हार्ड डिस्क, अशी मांडणी. गेल्या पावसाळ्यापासून सगळंच बिघडलं. विलंबित ख्याल रंगात आला की रेकॉर्डिंग तुटायचं आणि पडद्यावर ‘डिस्क काढली आहे’ असं यायचं. कधी रेकॉर्डिंग भलत्याच वेळी सुरू व्हायचं. वायफायची खूण पूर्ण, पण यूट्यूब उघडायचं नाही. आधी बघायला आलेल्या एका माणसानं पाच मिनिटांत ‘बोर्ड गेलाय, नवा टीव्ही घ्या’ असं सांगून टाकलं. मग शेजारच्यांनी मिरजकर तिकटीजवळच्या गल्लीतल्या या दुकानाचं नाव सुचवलं.

दुकान बाप-लेकीचं आहे. वडील डिश आणि टीव्ही बघतात, मुलगी नेटवर्क. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. आल्या आल्या ती म्हणाली, “काकू, टीव्ही उघडायचा नाही अजून. आधी काय कधी बंद पडतं ते नीट सांगा.” मी सांगत गेले, ती वहीत लिहीत गेली. या लिहिण्यालाच मी निम्मे गुण देईन.

डिस्कचं कारण लवकर सापडलं. टीव्हीच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ठरलेला करंट ५०० मिलिअँपिअर. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते, मिळालं नाही की सुटते. तिनं मधे एक छोटा मीटर लावून ते आकडे मला दाखवले. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मधे घातला आणि डिस्क सुटायची थांबली. पेन ड्राइव्ह का नको, हेही सांगितलं: स्वस्तातल्या पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग कमी पडतो आणि आवाज मधेच गचके खातो. गाण्याच्या रेकॉर्डिंगला ते कसं चालेल?

भलत्या वेळेचं कोडं मात्र मला फार शिकवून गेलं. आमचा टीव्ही घड्याळाची वेळ नेटवरून घेतो. लाइट गेली आणि आली की टीव्ही लगेच जागा होतो, पण नेट घरात आणणाऱ्या फायबरच्या डब्याला सावरायला वेळ लागतो. तोवर टीव्हीचं घड्याळ चुकीचं, म्हणून लावलेलं रेकॉर्डिंगही चुकीचं. शिवाय तारीख चुकली की सुरक्षित साइटची प्रमाणपत्रं टीव्हीला खोटी वाटतात आणि वायफाय असूनही अॅप उघडत नाहीत. म्हणजे रेकॉर्डिंगचं दुखणं नेटमधून आलेलं, आणि नेटच्या दुखण्यातलं थोडं घड्याळातून. फायबरचा डबा आणि राउटर यांना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. आता लाइट गेली तरी नेट उभं असतं, टीव्ही परत आला की वेळ बरोबर घेतो. रेकॉर्डिंग लावलेलं असेल तेव्हा भिंतीवरचं बटण चालूच राहिलं पाहिजे, हे तिनं आमच्या सासूबाईंना शेजारी बसून समजावलं. त्यांना रात्री सगळी बटणं बंद केल्याशिवाय झोप येत नाही.

नेटचं दुसरं कारण दोन राउटर. एक कंपनीचा, पुढच्या सोप्यात. दुसरा जुना, माजघरात जोडलेला. दोघंही घरातल्या यंत्रांना नेटवरचे (आयपी) पत्ते वाटत होते. टीव्हीनं जुन्याकडून पत्ता घेतला की वायफाय दिसायचं, बाहेरचं जग दिसायचं नाही. तिनं जुन्याचं पत्ते वाटणं बंद केलं, त्याला नुसता वायफाय पुरवायला ठेवलं. आमच्या भिंती जुन्या, दगडी. ५ गिगाहर्ट्झचा वायफाय त्यातून पलीकडं जातच नाही, २.४ चा जातो पण पेठेत घराला घर लागून, त्यावर गर्दी फार. म्हणून टीव्हीपर्यंत सरळ केबलच ओढली. टीव्हीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा आहे, हे ऐकून माझा मुलगा पुण्याहून फोनवर कुरकुरला. ती म्हणाली, “दादा, फोर-के चित्राला २५ पुरतात.” विषय संपला.

वडिलांचं काम गच्चीवर. चित्रात चौकोन का येतात ते बघायला ते चढले. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, आपल्याकडून आग्नेयेला. डिशची दिशा बरोबर होती, पण एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या, कनेक्टरमध्ये पाणी शिरून गंज चढला होता. कनेक्टर बदलला, वरून टेप गुंडाळली. खाली येऊन म्हणाले, “ताई, हे झालं. पण धो धो पाऊस लागला की सिग्नल थोडा पडणारच, त्याला माझ्याकडं औषध न्हाई.” हे स्पष्ट बोलणं मला फार मोलाचं वाटतं. जुलैत पंचगंगा फुगते तेव्हा आम्हाला पाऊस किती लागतो हे काय सांगायचं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टीव्हीनं केलेलं रेकॉर्डिंग आमच्या टीव्हीवर कुलूपबंद असतं. ती डिस्क कॉम्प्युटरला किंवा दुसऱ्या टीव्हीला लावून मैफल ऐकता येत नाही. एचडीएमआयनं जोडलेल्या डब्यातलं तर टीव्ही रेकॉर्डच करत नाही, फक्त स्वतःच्या ट्यूनरवरचं करतो. माझ्या पोरींना घरी ऐकायला द्यायचं तर हे निरुपयोगी. इथं महागाची वस्तू विकायची चांगली संधी होती. पण तिनं यूएसबी रेकॉर्डिंगचा साधा फ्री-टू-एअर, म्हणजे मोफत चॅनेलांचा, सेट-टॉप बॉक्स सुचवला. त्यातून टीएस नावाच्या प्रकारची, कुलूप नसलेली व्हिडिओ फाइल मिळते, कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये सरळ चालते. त्याला लावलेली डिस्क फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेली असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, म्हणून लांब मैफलीचे तुकडे पडतात, एवढं लक्षात ठेवायचं. आता टीव्ही बघण्यापुरता आणि जपून ठेवायचं ते सगळं त्या डब्यावर.

तक्रारी आहेत. केबल ओढताना माडीच्या जुन्या तुळईवर न विचारता क्लिपा ठोकल्या. लाकूड पिढ्यांचं आहे, आधी विचारायला हवं होतं. दुकानाचा फोन सहसा उचलला जात नाही, व्हॉट्सअॅप करावं लागतं. पावसाळ्यात वडील गच्च्यांवरच असतात, सांगितलेल्या वेळी येतील असं धरू नका.

बोलावण्याआधी टीव्हीचा मॉडेल नंबर, डिस्कची माहिती आणि राउटरवरच्या दिव्यांचा फोटो पाठवून ठेवा. लॉसचा (LOS, फायबरचा सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर ते काम नेट कंपनीचं, तुमचे भेटीचे पैसे वाया जातील. आणि नवा टीव्ही जुनी डिस्क बघून ‘फॉरमॅट करू का’ विचारतो, तेव्हा आतलं काही हवं असेल तर हो म्हणू नका. भेटीचे ३०० रुपये घेतात, सामान वेगळं, बिल हातानं लिहून देतात. सोमवारी दुकान बंद.