वीज-चुंबकाच्या शब्दांची यादी: एबीसीडीनं लावायची, अकारविल्हे लावायची की धड्याच्या क्रमानं?

आठवीचा ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ धडा सुरू झाला की पालक विचारायला लागतात, शब्दांची यादी करून घेतोय पण ती लावायची कशी. मुलगा सेमीला असेल तर हा प्रश्न अजूनच अवघड होतो, कारण सायन्सचं पुस्तक इंग्लिशमधे, घरी बोलणं मराठीत, आणि आजोबा समजावून सांगतात ते त्यांच्या वेळच्या ‘विद्युतधारा’ (करंट), ‘रोध’ (रेझिस्टन्स) या शब्दांत. मी पुण्यात कोथरूडला आठवी ते दहावीच्या मुलांचं सायन्स घेते आणि तिन्ही पद्धतीच्या याद्या मुलांकडून करून घेतल्यात, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते: शब्द शिकायचा असेल तेव्हा धड्याचा क्रम, शब्द शोधायचा असेल तेव्हा अक्षरांचा क्रम, आणि अक्षरं कुठली ते मुलगा पेपर कुठल्या भाषेत लिहिणार त्यावर. पण प्रत्येकात काही खाचाखोचा आहेत, त्या माहीत नसल्या की यादी होते खरी पण मूल ती परत उघडत नाही.

आधी एबीसीडी. सेमी आणि इंग्लिश मीडियमला हीच सोयीची, कारण पुस्तकाच्या मागची सूची, डिक्शनरी, नेट, सगळं याच क्रमानं चालतं. आपल्या मराठी मुलांना यात एक खास अडचण येते ती म्हणजे ती कानानं अक्षर शोधतात. चार्ज, सर्किट आणि करंट हे तिन्ही शब्द सी मधे येतात पण कानाला च, स आणि क ऐकू येतो, मग सर्किट हमखास एस मधे जाऊन बसतं. जूल जे मधे आणि जनरेटर जी मधे, मुलांना दोन्हीकडे ‘ज’च ऐकू येतो. वॉट डब्ल्यूमधे आणि व्होल्ट व्हीमधे, आपल्याकडे दोघांनाही व. आणि घरातल्या बोर्डावरचे दोन शब्द घ्या, फ्यूज एफमधे आणि फेज मात्र पीमधे, कारण त्याचं स्पेलिंग पी-एच नी सुरू होतं. हे सगळं वैताग म्हणून सांगत नाहीये, उलट एबीसीडी लावण्याचा खरा फायदा इथेच आहे असं मला मनापासून वाटतं, कारण पोरगं सर्किट शोधायला एसमधे जातं, तिथे सापडत नाही, मग स्पेलिंगकडे नीट बघतं, आणि एकदा असं झालं की पेपरात ते स्पेलिंग चुकत नाही.

दुसरी गंमत ई च्या गठ्ठ्यात. इलेक्ट्रिक, इलेक्ट्रिसिटी, इलेक्ट्रोड, इलेक्ट्रोमॅग्नेट, इलेक्ट्रॉन, इलेक्ट्रोस्कोप, या सगळ्यांची पहिली सहा अक्षरं एकच, ई-एल-ई-सी-टी-आर. सातव्या अक्षराला आय असलेले दोघं पुढे, ओ असलेले चौघं मागे, आणि त्या चौघांचा निकाल आठव्या अक्षरावर, डी, एम, एन, एस. मी वर लिहिलाय तोच बरोबर क्रम आहे. पहिल्या अक्षरावर शब्द लावता येणं पहिली-दुसरीतली मुलं पण करतात, आठव्या अक्षरापर्यंत टिकून राहणं हे आठवीतल्याला पण सरावानंच येतं. व्होल्ट, व्होल्टेज, व्होल्टमीटर यात नियम सोपा, जिथे शब्द संपतो तो आधी. फक्त दोन शब्दांची नावं आली की आधी ठरवून घ्या की मधली मोकळी जागा मोजायची का नाही. मोजली तर ‘इलेक्ट्रिक मोटर’ आधी आणि ‘इलेक्ट्रिसिटी’ नंतर, नाही मोजली तर उलट, कारण मग सी नंतरचा आय आणि एम यांची तुलना होते. दोन्ही पद्धती चालतात आणि छापील कोशांत दोन्ही सापडतात, एका यादीत मात्र एकच ठेवा.

एबीसीडीचा तोटा मोठा आहे आणि तो लपवून उपयोग नाही, जोडीचे शब्द लांब लांब जातात. अल्टरनेटिंग करंट एमधे तर डायरेक्ट करंट डीमधे, अट्रॅक्शन सुरुवातीला आणि रिपल्शन पार तिकडे, सीरीज एसमधे आणि पॅरलल पीमधे. ज्यांचा अर्थ एकमेकांशेजारी ठेवल्यावर कळतो तेच शब्द तुटतात. शिवाय चिन्हांचा गोंधळ वेगळाच: करंट सीमधे शोधायचा पण सूत्रात तो आय, चार्ज पण सीमधे पण सूत्रात क्यू, आणि सी हे अक्षर एककात आलं की कूलंब. म्हणून शब्दापुढे चिन्हाचा आणि एककाचा असे दोन वेगळे रकाने हवेतच.

आता अकारविल्हे. मराठी माध्यमाच्या मुलाला हीच द्यावी, आणि सेमीच्या मुलाच्या घरी कोणी मराठी शब्दांतून शिकवणारं असेल तर दुसरी यादी म्हणून पण चांगली. मराठी विश्वकोश सगळा असाच लावलेला आहे, त्यामुळे ज्याला यादीत ‘परिनालिका’ (सोलेनॉइड) आधी आणि ‘परिपथ’ (सर्किट) नंतर का ते समजलं त्याला तो कोशही उघडता येतो. घट, घर्षण विद्युत, जनित्र, तडितरक्षक, दिष्ट धारा, ध्रुव, प्रत्यावर्ती धारा, प्रभार, प्रवर्तन, रोध, रोधकता, वाहक, वितळतार, असे शब्द छान ओळीनं लागतात. अडचण येते ती दोन गठ्ठ्यांत, व आणि च.

व मधे विद्युत नी सुरू होणारे इतके शब्द येतात की अर्धी यादी तिथेच. विद्युत घट, विद्युत चलित्र, विद्युत जनित्र, विद्युतधारा, विद्युत प्रभार, विद्युत विभव… यावर माझा उपाय साधा आहे, विद्युत हा शब्द मागे टाका आणि मुख्य शब्दानं लावा, म्हणजे ‘चलित्र, विद्युत’ असं च मधे, ‘प्रभार, विद्युत’ प मधे. नाही टाकायचा असेल तर निदान सगळीकडे जोडून लिहा नाहीतर सगळीकडे तोडून, कारण काही जोडून आणि काही तोडून लिहिले तर कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा तोडलेले सगळे वर जातात आणि ‘विद्युत रोध’ हा ‘विद्युतधारा’च्या आधी येऊन बसतो. हो, आणि ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष ठेवा. विभव, विभवांतर, विसंवाहक हे सगळे संपल्यावर मग ‘वीज’, कारण वि आधी आणि वी नंतर, आणि वेलांटी चुकली की शब्द जागेवर सापडतच नाही.

च मधे चुंबक, चुंबकत्व, मग चुंबकीय काय काय. इथे खरा पेच क्ष चा. क्ष ला तुम्ही क आणि ष चं जोडाक्षर मानलं तर चुंबकीय क्षेत्र, चुंबकीय ध्रुव, चुंबकीय बलरेषा असा क्रम. पण शाळेत वर्णमाला म्हणताना क्ष आणि ज्ञ शेवटी येतात, शासनानं २००९ साली ठरवून दिलेल्या प्रमाण वर्णमालेत पण ते ह आणि ळ च्या नंतरच आहेत, आणि तसं धरलं तर तेच चुंबकीय क्षेत्र सगळ्यात आधी यायच्या ऐवजी सगळ्यात शेवटी जातं. मोठे कोश क्ष ला बऱ्याचदा क मधेच घेतात. मुलांसाठी मी शाळेतली वर्णमाला धरते, कारण त्यांना तीच पाठ आहे. अनुस्वाराचं पण तसंच, अनुस्वारवालं अक्षर आधी घ्यायचं की नंतर यात कोशाकोशांत फरक आहे, घरच्या यादीत एक पद्धत पकडून पहिल्या पानावर लिहून ठेवा म्हणजे सहा महिन्यांनी भांडण नको. ळ नी सुरू होणारा शब्द या विषयात नाहीच, त्यामुळे त्याची काळजी सोडा.

एक वेगळीच खिचडी पण बघायला मिळते, इंग्लिश शब्द देवनागरीत लिहून ते अकारविल्हे लावायचे, म्हणजे करंट, चार्ज, जनरेटर, जूल, सर्किट. दिसायला सोपं वाटतं पण अशी यादी ना इंग्लिश डिक्शनरीला जुळते ना मराठी कोशाला, आणि स्पेलिंगचा सराव पण जातो. उच्चार लक्षात राहायला शेजारी देवनागरीत लिहा, त्यावर क्रम मात्र लावू नका.

आता धड्याचा, म्हणजे अर्थाचा क्रम, आणि यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. प्रभार (चार्ज), मग विभवांतर (पोटेन्शियल डिफरन्स), मग धारा, मग रोध, मग परिपथ आणि त्यातल्या एकसर (सीरीज) आणि समांतर (पॅरलल) जोडण्या, मग धारेमुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र, परिनालिका, विद्युतचुंबक, चलित्र (मोटर), आणि शेवटी प्रवर्तन (इंडक्शन) आणि जनित्र (जनरेटर). यातला प्रत्येक शब्द आधीच्या शब्दावर उभा आहे. विभवांतर माहीत नसलेल्याला रोध सांगताच येत नाही, कारण रोध म्हणजे विभवांतर भागिले धारा. शोधांचा इतिहास पण साधारण याच वाटेनं गेला, कूलंबचा प्रभारांचा नियम १७८५ चा, व्होल्टाची बॅटरी १८०० ची, तारेतून धारा गेल्यावर होकायंत्राची सुई हलते हे ऑर्स्टेडनं १८२० मधे दाखवलं, ओहमचा नियम १८२७ मधे छापला गेला आणि फॅरेडेचं प्रवर्तन १८३१ मधे. अक्षरांनी लावलं तर फॅरेडे व्होल्टाच्या आधी येतो आणि बॅटरीच नव्हती तेव्हा त्यानं प्रयोग कसा केला असता हा प्रश्न मुलाला पडायला हवा तो पडतच नाही.

पुण्यातल्या मुलांना तर यासाठी जागा पण आहे, विद्यापीठाच्या आवारात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका, जिथे खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी बरीच वर्षं काम केलं. टाकाऊ वस्तूंतून केलेली त्यांची ती साधी मोटर, एक सेल, एक मॅग्नेट आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं, घरी पण होते. ज्या मुलानं ती स्वतः फिरवली त्याच्या डोक्यात सेल, करंट, कॉइल, मॅग्नेटिक फील्ड आणि मोटर हे पाच शब्द एकाच दोऱ्यात ओवले जातात, ते त्याला कुठल्याही यादीशिवाय त्याच क्रमानं आठवतात. घरच्या वीजबिलावरचं युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, हे पण वॉट आणि जूलच्या शेजारीच शिकवावं.

मग सगळ्यांनी हाच क्रम का नाही वापरायचा? कारण परीक्षेच्या आदल्या रात्री ‘सोलेनॉइड म्हणजे काय’ हे शोधायला मुलाला आधी माहीत असावं लागतं की तो कुठल्या गटात आहे, आणि ते माहीत असतं तर त्यानं शोधलंच नसतं. दुसरं म्हणजे नववी, दहावीत नवीन शब्द येत जातात, गॅल्व्हनोमीटर, कम्युटेटर, ते मधे कुठे घुसवायचे यावर दर वेळी डोकं लावावं लागतं. अक्षरांच्या क्रमात जागा आपोआप ठरलेली असते.

कशावर करायचं हे थोडक्यात. बांधीव वहीत अक्षरांचा क्रम नीट राहत नाही, मधे जागा संपतेच, म्हणून कोरी कार्डं घ्या, पुण्यात अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळतील, नाहीतर जाड कागद घरी कापा. एका कार्डावर एक शब्द, पुढे इंग्लिश, मागे मराठी, चिन्ह, एकक आणि मुलाच्या शब्दांत एक ओळ. लावताना आधी पहिल्या अक्षराचे ढीग करा, मग एकेक ढीग आतून लावा, सगळी कार्डं एकदम हातात धरून लावायला गेलं की मूल कंटाळतं. कार्डांचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तीच कार्डं सोमवारी एबीसीडीनं आणि मंगळवारी धड्याच्या क्रमानं लावता येतात. कॉम्प्युटरवर इंग्लिश यादी बिनधास्त लावा, तिथे चूक होत नाही. मराठी यादी मात्र एकदा डोळ्यांनी तपासा, कारण काही सॉफ्टवेअर नुसत्या अक्षरांच्या अंतर्गत कोडनुसार लावतात आणि त्या हिशोबात ळ हा ल च्या लगेच मागे येतो आणि ॲमीटर, ॲम्पिअर हे पार ह च्या पण खाली जातात.

आता कोणी काय घ्यावं. मूल चौथी-पाचवीत असेल, शिष्यवृत्तीची तयारी चालू असेल, तर अक्षरांचा क्रम हाच मुळात सराव आहे, तिथे पंधरा-वीस शब्द पुरेत आणि इलेक्ट्रोवाले शब्द मुद्दाम घाला. आठवीच्या सेमीवाल्यानं धडा चालू असताना धड्याच्या क्रमानं आणि धडा संपल्यावर तीच कार्डं एबीसीडीनं लावून डब्यात ठेवावीत. मराठी माध्यमाला अकारविल्हे, पण क्ष, अनुस्वार आणि मोकळी जागा हे तीन निर्णय घेतल्यावरच. दहावीवाल्यानं नवीन यादी करण्यात वेळ घालवू नये, ‘विद्युतधारेचे परिणाम’ या धड्यातले नवीन शब्द आठवी-नववीच्या डब्यात त्यांच्या जागी घालावेत. आणि आठवीचा डबाच नसेल तर थेट धड्याच्या क्रमानं एक पान करावं, विभवांतरापासून सुरुवात करून, आणि ते टेबलासमोर भिंतीला लावावं.