दुबईत इंग्रजी शिकवायचं: शाळेत की घरोघरी?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बीएड झालेल्या पोरी-पोरांत हा विषय हल्ली सारखा निघतो.

शाळेची नोकरी म्हणजे व्हिसा, ठरलेला पगार, उन्हाळ्याची सुट्टी. सीबीएसईच्या शाळा तिकडं भरपूर, त्यामुळं आपल्या बीएडला किंमत आहे. डोकेदुखी कागदांची. अमिरातीला नुसतं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा बऱ्याच देशांत चालणारा शिक्का) चालत नाही. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास. त्यात आपल्याकडची खास अडचण: एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्कशीटवर नावापुढं नुसती इनिशियल्स आणि पासपोर्टावर वडिलांचं नाव, आडनाव सगळं सविस्तर. हे आधी जुळवून घ्या, नाहीतर बेंगळुरूच्या खेपा ठरलेल्याच.

खासगी शिकवणीत तासाचा दर बहुधा चांगला पडतो, पण परीक्षा संपली की घरं रिकामी. पूर्वी हा धंदा लपूनछपून चाले. डिसेंबर 2023 पासून तिथं खासगी शिक्षकांना दोन वर्षांचं परमिट फुकट मिळतं. पण ते परमिट म्हणजे व्हिसा नव्हे, हे एजंट सांगत नाहीत! नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आधीच तिथं असाल, तर शिकवणी झकास. एकट्यानं जाणाऱ्यानं मात्र आधी शाळाच धरावी. शाळेत असतानाही हे परमिट काढता येतं.

व्हिजिट व्हिसावर जाऊन 'तिथं बघू' म्हणणाऱ्यांच्या नादाला तर अजिबात लागू नका.