दहा अंक मोजले आणि डोळा सरळ झाला

माझ्या लेकीचा उजवा डोळा नाकाकडे वळायचा. 'ऑपरेशनशिवाय तिरळेपणा बरा' असा बोर्ड लावून बसलेल्या एका माणसाने आमचे ४५,५०० रुपये घेतले आणि तिच्या वयातले १३ महिने घेतले. मी घरी शिवणकाम करते. साध्या ब्लाउजची शिलाई १५० रुपये, म्हणजे ३०० हून जास्त ब्लाउजचे पैसे गेले. ते पुन्हा शिवून मिळवता येतील. १३ महिने कुठून आणू, म्हणून हे लिहायला बसले. केंद्राचं नाव देत नाही, तक्रार चालू आहे. पण त्याची रीत सगळी सांगते, कारण नाव बदलून हेच दुसऱ्या तालुक्यात चालू असणार.

लेक तीन वर्षांची असताना जेवताना, चित्र बघताना तिचा डोळा आत जातोय हे माझ्या लक्षात आलं. सासूबाई म्हणाल्या, "तिरळं पोरगं नशिबाचं असतं, घराला भाग्य आणतं." त्याच सुमारास अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, मुलांचं सगळं तपासतात, तेही फुकट. त्यांनी चिठ्ठी दिली, आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या बाईंनी तीन दिवस डोळ्यात मलम घालायला लावलं, बाहुली मोठी झाल्यावर नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना प्लस ५ च्या आसपास. त्या म्हणाल्या, "चष्मा झोपेशिवाय काढायचा नाही. चष्म्याने डोळा किती सरळ होतो ते बघू, उरेल त्यासाठी पुढे ऑपरेशनचा विचार करू."

मी एकच शब्द ऐकला, ऑपरेशन. गावात सगळे सांगायचे की डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात आणि नीट करून परत बसवतात. एवढ्याशा पोरीला चष्मा बघून पाहुणे हळहळायचे. लग्नाला जायचं म्हणून मी चष्मा काढायचे, फोटो आहे म्हणून काढायचे. जेमतेम १२ दिवस तिने तो घातला असेल. ही माझी चूक, ती मी लपवणार नाही. त्या माणसाने नेमकी हीच भीती हातात धरली.

केंद्र म्हणजे बाजारपेठेतल्या एका गाळ्याच्या वरची खोली. पांढरा कोट, भिंतीवर फ्रेम केलेली चार प्रमाणपत्रं, टेबलावर मुलांच्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंचा अल्बम. तो फार गोड बोलायचा. मला 'ताई', ह्यांना 'भाऊ'. म्हणाला, "ताई, चष्म्यानेच डोळा आळशी होतो. काढा तो. कोवळ्या जिवाला सुरी कशाला लावता?"

मग त्याने आमच्यासमोर इलाज करून दाखवला. हे नीट वाचा. लेकीच्या चांगल्या, डाव्या डोळ्यावर त्याने काळी पट्टी बांधली. उजव्या डोळ्यात दोन थेंब टाकले, भुवईवर अंगठा फिरवला आणि आम्हाला मोठ्याने दहा अंक मोजायला लावले. दहा म्हणेपर्यंत आत वळलेला डोळा मध्यावर आला. अगदी सरळ. लेक त्या डोळ्याने माझ्याकडे बघत होती. मी रडायलाच लागले. ह्यांनी तिथल्या तिथे ५०० रुपये नोंदणीचे भरले आणि सहा महिन्यांच्या कोर्सचे १८,००० कबूल केले.

एसटीत बसल्यावर पट्टी काढली तर डोळा परत नाकाकडे. फोन केला. "सुरुवातीला जाणारच ताई, स्नायूला सवय नाही. सहा महिने श्रद्धा ठेवा." आम्ही ठेवली. महिन्याला ९०० रुपयांचे थेंब, बाटलीवर ना औषधाचं नाव, ना तारीख. बारीक छिद्रं पाडलेला काळा प्लास्टिकचा चष्मा, १,२०० रुपये. दर मंगळवारी मालिश. सहा महिन्यांनी तो म्हणाला ६० टक्के फरक आहे, आता थांबलात तर केलेलं वाया जाईल. मग दुसरा कोर्स, सवलतीत १५,०००. पक्की पावती कधीच नाही. लेटरपॅडवर 'सल्ला फी' लिहून सही. पैसे मोबाईलवरून पाठवले ते कुणा बाईच्या नावावर जायचे.

फरक पडला असं आम्हाला वाटायचं, कारण फोटोत तसं दिसायचं. त्याची खुबी मला फार उशिरा कळली. प्लस नंबरच्या मुलांना जवळचं बघताना जास्त ताण पडतो, त्या ताणाने डोळा जास्त आत वळतो. लांब बघताना तोच डोळा कमी वळतो. 'आधी'चा फोटो काढताना तो पोरीच्या नाकासमोर एक बाहुली धरायचा. आमच्या फोटोत कोपऱ्यात त्या बाहुलीचं लाल झबलं अजून दिसतं. 'नंतर'चा फोटो काढताना म्हणायचा, "बाळा, तिकडे भिंतीवरचा गणपती बघ." अल्बममधली काही मुलं तर मुळात तिरळी नसावीत. लहानपणी नाकाचा पूल रुंद आणि बसका असला की डोळे तिरळे भासतात, नाक उभारलं की तो भास आपोआप जातो.

तेराव्या महिन्यात लेकीच्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. पापणी इतकी सुजली की डोळा मिटलाच. सकाळी ती उठली आणि दाराच्या चौकटीला धडकली. मी उचलून घेतलं तर म्हणाली, "आई, लाईट गेली का?"

ऊन अंगणभर पडलं होतं.

पुण्याच्या एका धर्मादाय रुग्णालयात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. उजव्या डोळ्याने ६/६०. म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून जे अक्षर वाचता येतं, तेच वाचायला तिला ६ मीटरवर यावं लागत होतं. डोळा आतून निरोगी होता, पण मेंदूने तो वापरणं सोडलं होतं. दोन डोळे दोन दिशांना असले की दोन चित्रं दिसतात, मूल लहान असेल तर मेंदू त्यातलं एक चित्र बंद करून टाकतो. ह्यालाच आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांपर्यंत त्याला जागं करता येतं, आणि जितकं लवकर तितकं सोपं. पुढे ते कठीण होत जातं. आम्ही कोणत्या वयातले १३ महिने देऊन आलो होतो, हे मला त्या खुर्चीवर बसून कळलं.

मी डॉक्टरांना दहा अंकांची गोष्ट सांगितली. त्यांनी काही न बोलता लेकीच्या डाव्या डोळ्यासमोर आपला तळहात धरला. थेंब नाही, मालिश नाही. उजवा डोळा सरळ झाला. हात काढला, परत आत गेला. चांगला डोळा झाकला की बघायला दुसराच उरतो, म्हणून तो मध्यावर येतो. तिरळ्या डोळ्यांच्या तपासणीची ही पहिली पायरी, रोज प्रत्येक मुलावर करतात. त्या तपासणीलाच त्याने इलाज म्हणून विकलं होतं.

डॉक्टर म्हणाले, ही फसवणूक फार जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन टेलर नावाचा माणूस होता. डोळ्यांची चित्रं रंगवलेल्या बग्गीतून तो देशोदेशी हिंडायचा. संगीतकार बाखच्या डोळ्यांची ऑपरेशनं त्याने १७५० मध्ये केली आणि त्यानंतर काही महिन्यांतच बाख वारला. हा टेलर तिरळेपणाही 'बरा' करायचा. वळलेल्या डोळ्याच्या वरच्या पातळ त्वचेला छोटीशी चीर द्यायचा आणि दुसरा डोळा बांधून टाकायचा. लोकांना सरळ झालेला डोळा दिसायचा. पट्टी काही दिवस सोडू नका म्हणून बजावायचा, आणि ती सुटायच्या आत गाव सोडायचा. वळलेल्या स्नायूचं खरं ऑपरेशन १८३९ साली बर्लिनमध्ये डिफेनबाख ह्या सर्जनने केलं. घरी येऊन मी हे सगळं पुन्हा शोधून वाचलं. आम्ही ज्याला नवीन उपचारपद्धती समजून पैसे मोजले, ती जवळजवळ तीनशे वर्षं जुनी लबाडी होती.

पुढे चष्मा परत सुरू झाला, ह्या वेळी न काढता. पहिल्याच महिन्यात डोळ्याचं वळण निम्म्याने कमी झालं. जे दवाखान्यातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तेच. आणि रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. हे सहा तास काय असतात ते आईला विचारा. ती रडायची, पट्टी ओरबाडायची, कारण चांगलं दिसणारा डोळाच आपण झाकतो. मी तिला माझ्या मशीनजवळ बसवायचे. हुक आणि बटणं वेगळी करायला द्यायचे, तांदूळ निवडायला, ठिपके जोडून रांगोळी काढायला. वर्षभरात ६/६० चं ६/१८ झालं.

चष्मा घालूनही थोडं वळण उरलं होतं. त्यासाठी पावणेसहाव्या वर्षी ऑपरेशन झालं. ज्यांना माझ्यासारखी भीती आहे त्यांच्यासाठी सांगते. डोळा बाहेर काढत नाहीत. प्रत्येक डोळ्याला फिरवायला बाहेरून सहा स्नायू असतात. पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा बाजूला करून लेकीच्या नाकाकडचा स्नायू काही मिलिमीटर मागे नेऊन शिवला, तो सैल झाला. कानाकडचा थोडा कापून आवळला. मला ते लगेच समजलं, मी रोज एका बाजूची टीप उसवून दुसऱ्या बाजूने दाबते. टाके आपोआप विरघळणारे. पूर्ण भूल द्यावी लागते म्हणून आधी उपाशी ठेवतात, भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासतात. तासाभरात बाहेर आणली, त्याच संध्याकाळी तिने दूध-बिस्कीट खाल्लं. डोळा दोन-तीन आठवडे लालभडक होता. ह्यात लेझर कुठेही नसतं. 'लेझरने तिरळेपणा' अशी जाहिरात दिसली तर तिथूनच मागे फिरा. ऑपरेशनने नजर वाढत नाही आणि चष्मा सुटत नाही, हेही डॉक्टरांनी आधीच समोर बसवून सांगितलं. कधी कधी दुसऱ्यांदा करावं लागतं, हेही सांगितलं. गाळ्यावरच्या त्या माणसाने मात्र पहिल्या दिवशीच शंभर टक्के हमी दिली होती.

दोन्ही डोळे मिळून खोलीचा जो अंदाज येतो, तो तिला पूर्ण येणार नाही. सुईत दोरा ओवायला तिला वेळ लागतो.

पैशांचं म्हणाल तर ऑपरेशन आम्हाला त्या केंद्रापेक्षा कमी पैशांत पडलं. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात, तिथल्या समाजसेवकांकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. समोरचा खरंच डॉक्टर आहे का, हे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडच्या नोंदणीवरून पाहता येतं. आम्ही ते पाहिलं असतं तर पहिल्या दिवशीच उठलो असतो. ती चारही प्रमाणपत्रं कुठल्या तरी शिबिरात हजर राहिल्याची होती. आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर मला रीत समजावून सांगितली. मोबाईलवरून दिलेले पैसे आणि लेटरपॅडचे चिटोरे, एवढाच पुरावा आहे, तो जपून ठेवला आहे. अर्ज दिल्यानंतरच्या मंगळवारी ती खोली रिकामी होती. बोर्डाचे खिळे तेवढे भिंतीत होते.

एक गोष्ट अजून छातीवर बसली आहे. शेवटच्या महिन्यांत तिथे बाकावर एक जोडपं माझ्या शेजारी बसलं होतं. बाळ तीन महिन्यांचं. त्याच्या एका बाहुलीत पांढरं दिसत होतं. तो माणूस म्हणाला, "फूल पडलंय, थेंबाने विरघळेल." मी गप्प बसले, कारण तेव्हा माझाही विश्वास होता. पुण्याच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. बाहुलीत पांढरं दिसणं म्हणजे जन्मजात मोतीबिंदू असू शकतो. तो दाट असेल तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत काढणं चांगलं, नंतर मोतीबिंदू काढूनही मेंदू त्या डोळ्याने नीट बघायला शिकेलच असं नाही. किंवा तो आतल्या पडद्याचा कर्करोग असू शकतो, त्यात डोळाच नाही तर जीवही जातो. तिरळेपणासुद्धा कधी कधी त्याच रोगाची खूण असते, म्हणून खरा डॉक्टर आधी बाहुली मोठी करून आतला पडदा बघतो. आमच्याकडे त्या माणसाने १३ महिन्यांत एकदाही डोळ्याच्या आत उजेड टाकून पाहिलं नव्हतं. तुमच्या बाळाच्या फ्लॅशच्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी चमकत असेल, तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

त्या बाळाची आई हिरव्या साडीत होती, बार्शीकडून दोन एसटी बदलून आले म्हणाली होती. बाळ आता अडीच वर्षांचं असेल. ताई, हे तुमच्यापर्यंत पोहोचलं तर त्याला उद्याच सरकारी दवाखान्याच्या नेत्र विभागात घेऊन जा. कुणी सोबत नसेल तर मला कळवा, मी येते.