गॉसियन की अल्फा-स्टेबल: अँटेनातल्या गोंगाटाला कोणतं मॉडेल?

रिसीव्हरचा उष्णताजन्य गोंगाट म्हणजे असंख्य इलेक्ट्रॉनांच्या हालचालींची बेरीज. तिथं गॉसियन, म्हणजे घंटेच्या आकाराचं संभाव्यता-वितरण, चपखल बसतं. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये या गोंगाटाचा पाया मांडला. जीपीएससाठी आजही तेवढं पुरतं.

पण मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर, पणजीत शॉर्टवेव्ह रेडिओ लावून ऐका. वाळपईच्या बाजूला वीज कडाडली की कानात खाडकन आवाज येतो. एवढे मोठे झटके गॉसियन जवळपास अशक्य ठरवतं. अल्फा-स्टेबल या दुसऱ्या वितरणाची शेपटी जाड असते, म्हणजे टोकाच्या किमतींना त्यात जास्त वाव असतो, म्हणून ते झटके त्यात सामावतात. मात्र शेपटीची जाडी ठरवणारा आकडा, अल्फा, २ पेक्षा कमी असला की विचरण (पसरटपणाचं माप) अनंत, आणि सिग्नल-गोंगाट गुणोत्तराचा नेहमीचा हिशेबच कोलमडतो. तरीही शॉर्टवेव्हसाठी मी हेच निवडेन, आणि फिल्टरआधी मोठे झटके छाटणारा लिमिटर हवाच.