फिग्मा: जळगाव-धुळ्याच्या नव्या स्टार्टअपला याचा खरा उपयोग किती?

फिग्मा हे ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर. ॲपच्या स्क्रीन काढायच्या, एकमेकींना जोडायच्या, लिंक पाठवायची आणि समोरच्याने ती मोबाइलवर दाबून बघायची. त्याची परीक्षणं ढिगाने आहेत, पण ती बहुतेक डिझायनरनी डिझायनरसाठी लिहिलेली. हे परीक्षण वेगळ्या गिऱ्हाइकासाठी आहे: जळगाव, धुळे, नंदुरबारकडची तीन जणांची टीम, त्यातले दोघे कोड लिहिणारे, एक धंद्याच्या घरातला, आणि डिझाइनचं नाव काढलं की "फिग्मा आहे ना, करून टाकू" म्हणणारी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सॉफ्टवेअर घेण्यासारखं आहे आणि सुरुवातीला पैसेही लागत नाहीत. पण प्रॉडक्ट आणि डिझाइनचं काम ज्याच्या अंगावर आहे असा माणूस संस्थापकांत नसेल, तर फिग्मातून देखणी चित्रं मिळतील, ॲप मिळणार नाही.

हे केळीच्या उदाहरणावरून चांगलं कळतं. समजा, रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी खरेदीसाठी काटा-पावतीचं, म्हणजे काट्यावरच्या वजनाची आणि हिशेबाची पावती करणारं, ॲप करायचंय. कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात पहिली स्क्रीन येते ती लॉगिनची. मग ओटीपी, मग प्रोफाइल, मग डॅशबोर्ड आणि त्यावर चार आलेख. फिग्मात हे सगळं दोन दिवसांत सुबक उभं राहतं, फुकट मिळणारे तयार साचे आहेतच. आता बागेच्या बांधावर काय चालतं ते बघा. ट्रक उभा आहे, मजूर घड वाहताहेत, मुनीम एका हाताने मोबाइल आणि दुसऱ्या हाताने वही सांभाळतोय. शेतकऱ्याला चारच गोष्टी कळायला हव्यात: वजन किती भरलं, वजावट किती झाली, भाव काय लागला, पैसे कधी मिळणार. आलेख कुणालाच नको आहे.

म्हणजे पावती मुनीम भरणार आणि शेतकरी ती फक्त वाचणार. मग शेतकऱ्याला ॲप कशाला द्यायचं? पावती व्हॉट्सॲपवर गेली तरी त्याचं काम झालं. या एका निर्णयाने निम्म्या स्क्रीन गळतात, लॉगिनचा अर्धा गुंता सुटतो आणि दोन महिन्यांचं कोडिंग वाचू शकतं. प्रॉडक्टचं कौशल्य म्हणतात ते हेच, काय करायचं नाही ते ठरवणं. फिग्मात यासाठी एकही बटण नाही.

डिझाइनचं कौशल्य याच्या पुढच्या पायरीवर लागतं. फॉर्ममध्ये 'लागवडीची तारीख' विचारून कॅलेंडर उघडणं सोपं आहे. पण आपल्याकडे शेतकरी तारीख सांगत नाही, 'मृगबाग' किंवा 'कांदेबाग' असा लागवडीचा हंगाम सांगतो. दोन मोठी बटणं पुरतात, हवा असेल तर महिना त्यानंतर विचारावा. भावाचंही तसंच. बोर्डाचा, म्हणजे बाजारात जाहीर होणारा भाव क्विंटलचा, बोलण्यात कधी किलोचा, आणि निर्यातीचा माल पेट्यांमध्ये मोजतात. एकच रिकामी चौकट दिली की कुणीतरी किलोचा भाव क्विंटलच्या जागी टाकतो आणि हिशेब शंभरपट चुकतो. उपाय असा की एकक चौकटीतच ठळक लिहावं आणि आकडा टाकताक्षणी खाली रक्कम अक्षरी दाखवावी. २४ क्विंटल, भाव १,८५०, की लगेच खाली 'चव्वेचाळीस हजार चारशे रुपये'. अक्षरी रक्कम वाचणारा माणूस चूक पकडतो, नुसत्या आकड्यांवरून मात्र त्याची नजर घसरते. स्वल्पविरामही लाख-हजाराच्या पद्धतीने हवेत. तयार साच्यांत ते परदेशी पद्धतीचे असतात आणि तसेच कोडमध्ये जातात.

आता फिग्मा हातात घेतल्यावरच्या गोष्टी, कारण खरी डोकेदुखी मराठीत काम करताना सुरू होते.

पहिली अडचण फॉण्टची. फिग्मा उघडल्यावर आपोआप मिळणारा फॉण्ट इंटर, आणि त्यात देवनागरी नाही. तरी मराठी टाइप केलं की अक्षरं दिसतात, कारण मागून दुसरा फॉण्ट घेतला जातो. त्यामुळे सगळं ठीक असल्यासारखं वाटतं, आणि प्रत्यक्ष ॲपमध्ये ओळींची उंची वेगळीच निघते. सुरुवातीलाच नोटो सान्स देवनागरी, मुक्ता, हिंद किंवा पॉपिन्स यांतला एक फॉण्ट पक्का करा. चारही गूगल फॉण्ट्सवर आहेत, म्हणून फिग्मातही आपोआप मिळतात. अँड्रॉइडवर देवनागरीसाठी सहसा नोटोच असतो, म्हणून तोच धरला तर चित्र आणि ॲप यांत फरक कमी पडतो.

दुसरी, ओळीची उंची. इंग्रजीला अक्षराच्या मापाच्या १२० टक्के चालते, पण तेवढ्यात देवनागरीच्या वेलांट्या, रफार आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात. १४० ते १६० टक्के ठेवा. बटणाची उंची आकड्याने बांधून टाकली की 'पूर्ण' मधला रफार किंवा 'कृपया' मधला ऋकार कापला जातो. त्यासाठी ऑटो लेआउट वापरायचा. चौकट निवडून शिफ्ट आणि ए दाबलं की ती मजकुराप्रमाणे वाढते. इंग्रजीत 'सेव्ह' एवढ्याशा जागेत बसतं, मराठीत 'जतन करा' लागतं. खरं तर मुनीम 'सेव्ह करा' असंच म्हणतो, तेच लिहावं. शासकीय पत्रातली भाषा बटणावर आणली की लोक थबकतात. अहिराणी किंवा लेवा बोली बोलणारा माणूस वाचतो प्रमाण मराठी, आणि मोबाइलचे शब्द त्याला इंग्रजीच ठाऊक असतात. हे मिश्रण नेमकं साधणं हे डिझाइनचंच काम आहे, अनुवादकाचं नाही.

तिसरी अडचण जुन्या मजकुराची. व्यापाऱ्याच्या संगणकावरच्या याद्या बऱ्याचदा कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये असतात. त्या तशाच चिकटवल्या तर फिग्मात अगम्य चिन्हं उमटतात. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर चालणाऱ्या मराठीत, बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, विशेषतः 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. 'बऱ्हाणपूर' चुकीचं दिसलं की केळीवाला ॲप तिथेच बंद करतो.

चौकटीचं माप ३६० बाय ८०० घ्या, स्वस्त अँड्रॉइड फोनच्या जवळचं. आयफोनची चौकट मांडून काम करणारे पुष्कळ असतात, त्यांच्या स्क्रीन छान दिसतात आणि बांधावरच्या फोनवर बसत नाहीत. बोटाने दाबायची जागा किमान ४८ एकक असावी असं गूगलचं मटेरियल डिझाइन सांगतं. केळीचा चीक लागलेल्या बोटांसाठी आम्ही ५६ सुचवू. रंगांचं म्हणाल तर फिकट करड्यावर पांढरी अक्षरं एसी ऑफिसात शोभतात. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात, बॅटरी वाचवायला ब्राइटनेस कमी केलेल्या फोनवर ती दिसणारच नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमीतला उजळपणाचा फरक ४.५ ला १ च्या खाली जाऊ देऊ नका. आणि फोन दुपारी बाराला अंगणात नेऊन बघा, कुठलंही प्लगइन, म्हणजे फिग्माला जोडायचं जास्तीचं साधन, लागत नाही.

फिग्माची खरी किंमत वसूल होते ती प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे कोड न लिहिता फोनवर दाबून बघायच्या नमुना ॲपमध्ये. क्रम असा ठेवावा. आधी ए-फोर कागद तीनदा दुमडून आठ चौकोन पाडा आणि त्यांत पेन्सिलने स्क्रीन काढा. मग फिग्मात सहा-सात स्क्रीन, नुसते करडे ठोकळे, पण मजकूर खरा मराठी. त्या जोडा, लिंक फोनवर उघडा. बघणाऱ्याला पैसे लागत नाहीत. पाच मुनिमांना वेगवेगळं गाठा, फोन हातात द्या आणि एवढंच म्हणा, "दादा, या गाडीची पावती करून दाखवा." पुढे गप्प बसायचं. अंगठा कुठे थांबला, कुठे चुकीचं दाबलं, कुठे "हे काय हाय?" विचारलं, ते लिहून घ्या. त्याच रात्री दुरुस्ती, दुसऱ्या दिवशी नवे पाच. आठवड्यात कळतं की कल्पनेत दम आहे की नाही, आणि तोवर कोडची एक ओळ लिहावी लागलेली नसते.

इथे फिग्माच्या दोन उणिवा आहेत. साध्या प्रोटोटाइपमध्ये चौकटीवर दाबलं तरी फोनचा खरा कीबोर्ड उघडत नाही, आकडे टाकता येत नाहीत. पावतीच्या ॲपला हे फार जाचतं, कारण खरी चूक आकडे टाकतानाच होते. तेवढ्या एका स्क्रीनसाठी डेव्हलपरने साधं वेब पान करून द्यावं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुसरी उणीव इंटरनेटची. धडगाव-अक्कलकुव्याकडे किंवा सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते-येते, आणि लिंक नव्याने उघडायला नेट लागतंच. जाण्याआधी सगळ्या स्क्रीन चित्र म्हणून फोनच्या गॅलरीत ठेवा, बोटाने सरकवत दाखवता येतात.

हल्ली फिग्मात एआयने स्क्रीन बनवायचीही सोय आहे. वेग चांगला, पण चाचणीसाठी ती उलटते. रंगवलेली, तयार दिसणारी स्क्रीन बघितली की आपली माणसं भिडेपोटी "झकास!" म्हणतात. करडे ठोकळे बघून मात्र बिनदिक्कत चुका काढतात.

डिझाइन बाहेरून करून घेतलं तर काय होतं? ४० स्क्रीनची फाइल येते, त्या सगळ्या भरलेल्या. पहिल्या दिवशी यादी रिकामी असेल तेव्हा काय दिसेल, नेट गेलं तर पावती कुठे राहील, काटा चुकला म्हणून पावती रद्द करायची तर कशी, या स्क्रीन त्यात नसतात. डेव्हलपर विचारतो, टीममध्ये उत्तर देणारा कुणी नसतो, आणि तो स्वतःच काहीतरी ठोकून देतो. म्हणून हे काम संस्थापकांपैकी एकाकडे हवं. एअरबीएनबीच्या तीन संस्थापकांपैकी दोघे, ब्रायन चेस्की आणि जो गेबिया, डिझाइन शाळेत शिकलेले होते आणि तिसरा इंजिनिअर, हे उदाहरण सगळे देतात. आपल्याकडे डिझाइन शाळेचं प्रमाणपत्र शोधत बसण्याची गरज नाही. उमेदवाराला एक खरी काटा-पावती द्या, तीन दिवस द्या, आणि परत आल्यावर विचारा की यातलं काय काढून टाकलं आणि कुणाला विचारून काढलं. लोगो आणि पोस्टरांनी भरलेला पोर्टफोलिओ या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

एक दुर्लक्षित जागा म्हणजे छापखाना. कोरलड्रॉवर वर्षानुवर्षं लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्या माणसाला देवनागरीची जाण कोर्स करून आलेल्या पोरांपेक्षा जास्त असते. त्याला एकच सवय मोडावी लागते, ठरावीक मापाच्या कागदाची. मजकूर वाढला की चौकट वाढते, हे ऑटो लेआउट महिनाभरात हाताखालून गेलं की जमतं. ॲडोबी एक्सडी शिकून आलेला असेल तर त्यालाही फिग्मावर आणा. एक्सडीत आता नवीन काही येत नाही.

अशा माणसाला कंपनीत हिस्सा द्यायचा तर इतर संस्थापकांसारखाच चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, पहिलं वर्ष पूर्ण होण्याआधी काही नाही, असा करार करा. फ्रीलान्सरकडून काम घेतलं तर कॉपीराइट हस्तांतराचा करार लेखी आणि सहीचा हवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दोन्ही गोष्टी करारात लिहा. फिग्मातली फाइलही कंपनीच्या ईमेल खात्याच्या मालकीची करून घ्या. ती फ्रीलान्सरच्या जीमेलवर राहिली तर पुढे तुमच्याच स्क्रीनसाठी त्याची मनधरणी करावी लागते.

राहता राहिला खर्च. फुकटच्या योजनेत टीमच्या प्रकल्पात तीन डिझाइन फाइली आणि ३० दिवसांचा जुना इतिहास मिळतो. सुरुवातीच्या टीमला एवढं पुरतं: एक फाइल चालू ॲपची, एक प्रयोगांची, एक रंग-फॉण्ट-बटणांची. महत्त्वाच्या टप्प्यावर फाइलची प्रत संगणकावर उतरवून ठेवा, म्हणजे ३० दिवसांची मर्यादा नडत नाही. पगारी योजना दर माणशी आणि डॉलरमध्ये आहे, म्हणून ती फक्त फाइल बदलणाऱ्यांसाठी घ्या, बघणाऱ्यांसाठी नाही. डेव्हलपरला स्क्रीनची मापं वाचून दाखवणारा डेव्ह मोडही पैसे मोजूनच मिळतो. तीन जण एकाच टेबलावर बसत असतील तर त्याची घाई नको, माप तोंडी विचारता येतं. डॉलरचा खर्च नकोच असेल तर पेनपॉट हे मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही चालतं. फक्त तयार साचे आणि शिकवणारे व्हिडिओ फिग्माइतके सापडत नाहीत.